डेस्कटॉपवरचा पाऊस नेमका कुठे अडलाय?

घरच्या जुन्या पीसीवर कधीतरी व्हिडिओ बघून तुम्ही हवामान दाखवणारी पट्टी बसवलेली असते. रेनमीटरची स्किन म्हणा, लिनक्सवरचं कॉन्की म्हणा, नाहीतर पायथनची वीस-पंचवीस ओळींची स्क्रिप्ट. पहिला आठवडा घरात नुसतं कौतुक! मग तुम्ही हॉस्टेलवर परत जाता आणि एक दिवस घरून फोन येतो, 'ते तुझं हवामान चार दिवस झाले 31 वरच अडकलंय.'

हसण्यावारी नेऊ नका. कांदा काढून वावरात पडलाय, कागद टाकायचा की नाही हे ठरवताना घरचे त्या पट्टीकडे एक नजर टाकतातच. पट्टी पूर्ण बंद पडली तर निदान कळतं तरी. जुनाच आकडा दाखवत बसली, तर स्क्रीनवर लख्ख ऊन असतं आणि बाहेर आभाळ भरून आलेलं असतं. म्हणून दुरुस्ती नीट आणि क्रमाने करायची. दिसेल ते अनइन्स्टॉल करत सुटायचं नाही.

आधी दोष कुठला ते शोधा

स्क्रिप्ट नोटपॅडमध्ये उघडा. ती जिथून माहिती आणते, तो पत्ता त्यात सापडेल. तोच पत्ता आधी मोबाइलच्या ब्राउझरमध्ये टाका आणि मग त्या पीसीच्या. दोन्हीकडे काही येत नसेल, तर सेवा बंद झालीय किंवा तुमची की चालत नाहीये. मोबाइलवर येतं आणि पीसीवर येत नाही, तर गडबड पीसीत आहे. दोन्हीकडे आकडे दिसतात आणि पट्टीच रिकामी असेल, तर स्क्रिप्टकडे वळा. एवढ्या पाच मिनिटांत तुमचं अर्धं काम होतं.

सेवा बंद होणं ही नेहमीची गोष्ट आहे. याहूची जुनी मोफत हवामान सेवा जानेवारी 2019 मध्ये बंद झाली. डार्क स्काय अॅपलने विकत घेतलं आणि त्याची एपीआय 31 मार्च 2023 ला थांबली. त्या काळातल्या स्किन आजही डाउनलोडला मिळतात, पण त्यांच्या मागे कुणीच नाही. त्यांच्यावर रात्र जागवू नका, माहितीचा स्रोतच बदला. ओपन-मेटिओ बिगरव्यावसायिक वापरासाठी कीशिवाय चालतं. ओपनवेदरला की लागते. '401' असा एरर आला तर की तपासा. नवी की घेतली असेल तर ती सुरू व्हायला थोडा वेळ लागतो, लगेच घाबरू नका.

घड्याळ आणि कुलूप

पीसीतच गडबड असेल, तर सगळ्यात आधी खालच्या कोपऱ्यातली तारीख बघा. मदरबोर्डवर सीआर 2032 नावाचा बटन सेल असतो. पीसीची वीज बंद असताना घड्याळ त्याच्यावर चालतं. जुन्या पीसीत तो संपलेला असतो. मग लाइट गेली की तारीख थेट काही वर्षं मागे जाते. सुरक्षित वेबसाइटच्या सर्टिफिकेटला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. पीसीला वाटतं आत्ता 2010 चालू आहे, म्हणजे हे सर्टिफिकेट अजून जन्मालाच आलेलं नाही! तो जोडणी नाकारतो आणि तुम्ही कोडमध्ये चूक शोधत बसता. सेल बदला, तारीख लावा, पुन्हा चालवून बघा.

तारीख बरोबर असूनही जोडणी होत नसेल, तर प्रश्न कुलपाचा आहे. आजच्या बहुतेक सेवा टीएलएस 1.2 किंवा त्यापुढचीच सुरक्षित जोडणी घेतात. विंडोज 7 ला ती येते, पण सगळ्या प्रोग्रॅमसाठी ती आपोआप सुरू नसते. विंडोजच्याच यंत्रणेवर चालणाऱ्या बऱ्याच स्क्रिप्टना केबी3140245 हा अपडेट आणि त्याच्यासोबतचं रजिस्ट्री सेटिंग लागतं. पायथन वापरत असाल तर विंडोज 7 वर 3.8 ही शेवटची आवृत्ती. त्यापुढची बसवायचा प्रयत्न केला, तर ती बसणारच नाही. जुन्या लिनक्सवर आणखी एक गंमत झाली होती. लेट्स एन्क्रिप्टच्या साखळीतलं एक जुनं मूळ सर्टिफिकेट 30 सप्टेंबर 2021 ला संपलं आणि अपडेट न केलेल्या कित्येक मशिन एका रात्रीत अनेक साइटना ओळखेनाशा झाल्या. तिथे सर्टिफिकेटांचा संच अपडेट करावा लागतो.

नेटवर एक सोपा सल्ला हमखास मिळेल, सर्टिफिकेट तपासणीच बंद करा. पट्टी चालू होईल हे खरं, पण समोरचा कोण आहे हे न विचारता दार उघडून ठेवण्यासारखं आहे ते. आणि ज्या पीसीवरून घरातलं कुणी बँकेचं काम करतं, त्यावर तर हे अजिबात करू नका.

नगर म्हणू की अहिल्यानगर?

आता आपल्याकडचा खास घोळ. 2024 मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. काही सेवांच्या यादीत जुनं नाव आहे, काहींत नवं. नाव जुळलं नाही तर स्क्रिप्ट रिकामी बसते, नाहीतर भलत्याच गावाचं हवामान दाखवते. उपाय सोपा आहे. नावाऐवजी अक्षांश-रेखांश टाका. नगर शहरासाठी साधारण 19.09 आणि 74.74.

पण तुमचं गाव नगर शहरात नसेल, तर हे आकडे तसेच उचलू नका. आपला जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सगळ्यात मोठा, 14 तालुक्यांचा. अकोल्यातल्या घाटघर-रतनवाडीकडे वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि पूर्वेकडच्या तालुक्यांत पाचशे-सहाशे मिलिमीटरवर समाधान मानावं लागतं. एका आकड्यात हा जिल्हा मावत नाही. नकाशावर आपल्या वावरावर बोट दाबून धरा, तिथले आकडे मिळतील, तेच स्क्रिप्टमध्ये घाला.

मग एककं बघा. पट्टीवर तापमान 300 दिसलं तर घाबरू नका, ते केल्व्हिनमध्ये आहे. 273.15 वजा करा, 27 च्या आसपास येईल. वेळही तपासा. बऱ्याच सेवा जागतिक वेळ पाठवतात, आपली वेळ साडेपाच तास पुढे. 'सकाळी साडेसहाचा पाऊस' प्रत्यक्षात दुपारी बाराचा असतो.

एक ओळ जास्तीची

सगळं चालू झालं की उठू नका. स्क्रिप्टमध्ये एक ओळ वाढवा: 'माहिती घेतल्याची वेळ'. ती वेळ सेवेकडून आलेली हवी, पीसीच्या घड्याळातली नको. आणि माहिती तीन तासांहून जुनी असेल, तर आकडा पुसून तिथे मोठ्या अक्षरांत 'माहिती जुनी आहे' असं येऊ द्या. हिवरे बाजारने गावात पडलेला पाऊस मोजला आणि त्यावर पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली. तिथे आकड्याला किंमत आली, कारण तो कुठला आणि कधीचा हे सगळ्यांना माहीत होतं. तुमच्या पट्टीलाही हाच नियम लावा.

तरीही पट्टी ती पट्टीच. शेतीच्या निर्णयासाठी हवामान खात्याचं मेघदूत अॅप घरच्यांच्या फोनमध्ये टाकून द्या. त्यात जिल्ह्याचा कृषी सल्ला मराठीत मिळतो, मंगळवारी आणि शुक्रवारी नवा येतो. विजांसाठी पुण्याच्या आयआयटीएमचं दामिनी अॅप आहे. वीज कडाडायला लागल्यावर पीसीपाशी धावत जाऊन काय उपयोग?

राहिला प्रश्न जुन्या पीसीचा. विंडोज 7 ला 14 जानेवारी 2020 पासून सुरक्षा अपडेट मिळत नाहीत, आणि विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्टही 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. मशिन 64 बिट असेल आणि रॅम निदान 2 जीबी असेल, तर लिनक्स मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती पेन ड्राइव्हवरून आधी चालवून बघा, काही न पुसता. आवडली तर घरातले फोटो आणि सातबाऱ्याच्या फाइल कॉपी करून मगच बसवा. येत्या सुट्टीत घरी जाल तेव्हा खिशात एक पेन ड्राइव्ह आणि एक बटन सेल असू द्या. आणि परत निघायच्या आधी घरच्यांना ती 'माहिती जुनी आहे' ची ओळ एकदा दाखवून जा. तुम्ही तिथे नसाल तेव्हा तीच त्यांच्या कामाला येणार आहे.