‘कू’ बंद पडलं, टिकटॉक गेलं. मग तुमचे फॉलोअर्स नेमके कोणाचे? भंडाऱ्याच्या मामा तलावांवरून समजून घ्या ‘फेडरेटेड’ सोशल मीडिया

जुलै २०२४ मध्ये ‘कू’ हे भारतीय ॲप बंद झालं. ट्विटरला देशी पर्याय म्हणून ते २०२० मध्ये सुरू झालं होतं आणि त्यावर मराठीतही लिहिता येत होतं. मंत्री, सरकारी खाती, खेळाडू, सगळे तिथे होते. दुसऱ्या कंपन्यांशी चाललेली बोलणी फिसकटली आणि संस्थापकांनी सेवा थांबवली.

त्याआधी २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी ॲप्सवर बंदी घातली होती. गावखेड्यात बसून व्हिडिओ करणाऱ्यांचे लाखो फॉलोअर्स एका रात्रीत हातातून गेले.

एक ॲप परदेशी होतं, दुसरं स्वदेशी. एक सरकारी आदेशाने गेलं, दुसरं पैशांअभावी. वापरणाऱ्याचं नुकसान मात्र सारखंच झालं. वर्षानुवर्षं जोडलेली माणसं सोबत घेऊन दुसरीकडे जाता आलं नाही.

भंडाऱ्याला याची काळजी का?

दिवाळीनंतरच्या मंडईची तारीख, झाडीपट्टीतल्या नाटकाची जाहिरात, धान खरेदीची माहिती, झाडीबोलीतले गमतीदार व्हिडिओ हे सगळं आता व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवरून फिरतं. झाडीबोलीला वर्तमानपत्रांत आणि पुस्तकांत आधीच जागा कमी. त्यामुळे या बोलीतलं आजचं बोलणं-हसणं मोठ्या प्रमाणात दोन-तीन कंपन्यांच्या सर्व्हरवरच साठत आहे. खातं बंद झालं किंवा नियम बदलले, तर दाद मागायला जवळपास कार्यालयही नाही.

फेडरेटेड म्हणजे काय?

हे समजायला भंडाऱ्यात उदाहरण शोधावं लागत नाही. पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसेखुर्द धरण आहे. त्याला ३३ दरवाजे आहेत, पण कोणता कधी उघडायचा हे एकाच ठिकाणी ठरतं. फेसबुक किंवा इन्स्टाग्राम असंच आहे. वापरणारे कोट्यवधी, पण निर्णय एका कंपनीचा.

याच जिल्ह्यात मालगुजारी तलावही आहेत. मालगुजारी गेल्यावर ते ‘माजी मालगुजारी’, म्हणजे ‘मामा’ तलाव झाले. गोंड राजवटीच्या काळापासून कोहळी समाजाने पूर्व विदर्भात असे हजारो तलाव बांधले. प्रत्येक तलावाची पाळ वेगळी आणि पाणीवाटपाची रीत त्या त्या गावाची. तरी अनेक ठिकाणी वरच्या तलावाच्या सांडव्यातून निघालेलं पाणी खालच्या तलावात पोचतं.

फेडरेटेड सोशल मीडिया या तलावांसारखा चालतो. अनेक छोटे सर्व्हर असतात. प्रत्येकाचा चालक वेगळा, नियम वेगळे. पण सगळे एकच तांत्रिक भाषा बोलत असल्याने एका सर्व्हरवरची पोस्ट दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसाला दिसते.

‘मॅस्टोडॉन’ हे त्यातलं सर्वांत परिचित नाव. जर्मनीतल्या ऑयगेन रॉक्को या तरुणाने २०१६ मध्ये ते सुरू केलं. सर्व्हर ज्या भाषेत एकमेकांशी बोलतात, त्या ‘ॲक्टिव्हिटीपब’ला जानेवारी २०१८ मध्ये वेबचे मानक ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने मान्यता दिली. मेटाच्या थ्रेड्सनेही २०२४ पासून ती काही प्रमाणात स्वीकारली आहे.

मग सर्व्हर बंद पडला तर?

पडतोच. ‘मॅस्टोडॉन.लोल’ हा हजारो सदस्यांचा सर्व्हर त्याच्या चालकाने २०२३ मध्ये बंद केला. पण त्याने आधी काही महिन्यांची मुदत दिली आणि सदस्यांना दुसऱ्या सर्व्हरवर जाता आलं. मॅस्टोडॉनवर खातं हलवलं की फॉलोअर्स सोबत येतात. जुन्या पोस्ट मात्र नव्या खात्यात येत नाहीत, त्या वेगळ्या उतरवून ठेवाव्या लागतात.

असं भारतात कुठे जमलं आहे का?

हो, आणि रोज वापरलंही जातं. साकोलीच्या दुकानात क्यूआर कोड फोनपेचा असला तरी गिऱ्हाईक गुगल पेवरून पैसे देतं. कारण २०१६ मध्ये आलेल्या यूपीआयचे नियम सर्व ॲप्सना समान आहेत. मोबाइल नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोयही २० जानेवारी २०११ पासून देशभर आहे.

निरोपांच्या बाबतीत असं झालेलं नाही. व्हॉट्सॲप सोडणारा माणूस गावाचा, शाळेचा, नातेवाइकांचा ग्रुपही सोडतो. युरोपीय संघाने कायदा करून व्हॉट्सॲपला इतर ॲप्ससाठी दार उघडायला भाग पाडलं. भारतात अजून तसा कायदा लागू नाही. २०२५ मध्ये झोहोच्या ‘अरट्टई’ची चर्चा झाली, तेव्हा निरोपाची ॲप्स यूपीआय आणि ईमेलसारखी एकमेकांशी जोडलेली असावीत, अशी इच्छा झोहोचे श्रीधर वेंबू यांनी व्यक्त केली होती. ॲप स्वदेशी असणं आणि खुलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ‘कू’ने दाखवून दिलंच आहे.

अडचण कुठे आहे?

पहिली अडचण माणसांची. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयातले वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं निलंबित झालं, तेव्हा अनेक भारतीय निषेध म्हणून मॅस्टोडॉनवर गेले. पण ओळखीचे लोक, बातम्या, वाद सगळं ट्विटरवरच होतं. बरेच जण परतले.

दुसरी अडचण देखभालीची, आणि तीही मामा तलावांनी पाहिली आहे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे गेले. गाळ काढणं, पाळ दुरुस्त करणं हे पूर्वी गावाचं काम होतं; ते कोणाचंच राहिलं नाही आणि कितीतरी तलाव उथळ झाले. छोट्या सर्व्हरचंही तसंच आहे. वीज, जागा, शिवीगाळ हटवणं, हॅकिंगपासून बचाव यांचा खर्च कोणीतरी उचलावाच लागतो. फुकटचा सर्व्हर एका हौशी माणसाच्या खिशावर चालत असेल, तर तोही किती दिवस टिकेल?

आज काय करता येईल?

लगेच सगळं सोडायची गरज नाही. तीन गोष्टी करता येतात.

• आपला माल उतरवून ठेवा. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि गुगल तिन्हींवर आपली माहिती डाउनलोड करण्याची सोय आहे. मूळ व्हिडिओ मोबाइलबाहेर हार्ड डिस्कवरही ठेवा.

• माणसांचा पत्ता स्वतःकडे ठेवा. नाटक मंडळी, शेतकरी गट किंवा दुकानदार यांनी गिऱ्हाइकांचे फोन नंबर आणि ईमेल, त्यांना विचारून, वेगळ्या वहीत नोंदवावेत. ईमेल ही सर्वांत जुनी फेडरेटेड सेवा आहे.

• सगळ्यांच्या कामाचं ते खुल्या जागी ठेवा. गावातले रस्ते आणि मामा तलाव ओपनस्ट्रीटमॅपवर कोणालाही नोंदवता येतात. तलावाचे फोटो विकिमीडिया कॉमन्सवर, गावाची माहिती मराठी विकिपीडियावर देता येते. तिथलं काम खुल्या परवान्याखाली असल्याने कोणालाही त्याची प्रत काढून जपता येते.

नवं ॲप घेताना ‘हे कोणत्या देशाचं?’ यासोबत आणखी एक प्रश्न विचारायला हवा: इथून उद्या निघायचं ठरवलं, तर माझी माणसं माझ्यासोबत येतील का?