कोजागरीचा भीम

हैदराबादला हुसेनसागरच्या बांधावर संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. पाण्याच्या मधोमध १९९२ साली उभा राहिलेला बुद्ध, आणि बांधावर पुतळ्यांची रांग: कवी, संत, राजे, समाजसुधारक. एन. टी. रामाराव मुख्यमंत्री असताना तेहतीस पुतळे बसवले गेले. त्यांत आदिलाबादच्या जंगलातला एकही नव्हता. १० मार्च २०११ला तेलंगणाच्या आंदोलकांनी यातले काही पुतळे फोडले. आमच्या मातीतली माणसं यात किती, हा राग होता. फोडाफोड समर्थनीय नव्हती. प्रश्न मात्र रास्त होता. पुढे याच बांधावर कोमरम भीम उभा राहिला.

हा भीम आपल्याला परका वाटू नये. जन्म १९०१चा, आसिफाबादजवळच्या संकेपल्लीचा, गोंड. तेव्हा हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात होता. नकाशावर बोट ठेवा: पलीकडे चांदा, यवतमाळ, नांदेड. आत्राम, मेश्राम, सिडाम ही आडनावं हद्दीच्या दोन्ही बाजूंना सारखीच ऐकू येतात. त्याची गोष्ट सांगणारे सांगतात की वडिलांना जंगल खात्याच्या माणसांनी मारलं आणि कुटुंब गाव सोडून दुसरीकडे गेलं. तिथं पिकावर हक्क सांगायला आलेला सिद्दिक भीमाच्या हातून मेला आणि पोरगा पळाला तो थेट चांद्याला. चांदा इंग्रजी मुलखात. निजामाच्या पोलिसांचा हात तिथं सहज पोचत नसे. तिथं विठोबा नावाच्या छापखानेवाल्याकडे राहून तो लिहायला-वाचायला शिकला, मग आसामच्या चहामळ्यांवर गेला, असं पुढचं कथानक. चांद्याच्या तुरुंगातल्या पिंपळाला १८५८ साली बाबुराव शेडमाके या गोंड जमीनदाराला इंग्रजांनी फासावर चढवलं होतं. त्या पोराच्या कानावर ती हकिकत पडली नसेल, असं मला तरी वाटत नाही.

परत आल्यावर त्यानं काय केलं, हे समजायचं तर बंदुकीआधी जंगलाची हद्द समजून घ्यावी लागते. सरकारनं राखीव जंगलाच्या रेषा आखल्या आणि गोंड-कोलामांची कसत असलेली शेतं एका रात्रीत ‘अतिक्रमण’ झाली. गुरं चारायची तर कर, सरपण आणायचं तर पैसे, झोपड्या पुन्हा बांधल्या तर पुन्हा जाळायच्या. शिवाय पट्टा मिळायचा तो कचेरीचा उंबरठा झिजवू शकणाऱ्याला. गोंडाला ना उर्दू येत होती, ना कचेरीची वाट माहीत होती. तलाठ्यापर्यंत पोचलेल्या बाहेरच्या शेतकऱ्यांनी जमिनी नावावर करून घेतल्या. त्यांत तेलुगू कापू होते तसे आपल्याकडून तिकडे गेलेले कुणबीही होते. ही गोष्ट मराठीत सांगताना आपण जरा गिळूनच सांगतो.

जोडेघाट, बाबेझरी आणि आसपासच्या अशा बारा गावांचा हक्क भीमानं मागितला. ‘जल, जंगल, जमीन’ ही घोषणा त्याच्या नावावर आहे. निजामाला भेटायला तो हैदराबादला गेला आणि भेट न होताच परतला, असं सांगतात. शेवटी जोडेघाटच्या डोंगरात सशस्त्र पोलीस आले, आणि गोळीबारात तो साथीदारांसह मारला गेला. साल १९४०. तिकडे युरोपात महायुद्ध पेटलेलं. या लढाईची बातमी कोण छापणार?

तारीख मात्र भलतीच घोळाची. कुठं १ सप्टेंबर लिहिलेलं आढळतं, कुठं २७ ऑक्टोबर. गोंडांना विचारा, ते तारीख सांगतच नाहीत. सांगतात आश्विन पौर्णिमा. म्हणजे आपली कोजागरी. आता १ ऑक्टोबर १९४०ला खग्रास सूर्यग्रहण होतं, म्हणजे त्या दिवशी अमावस्या. पंधरा दिवस मोजले की पौर्णिमा १६ ऑक्टोबरच्या आसपास येते. ना २७ला, ना १ सप्टेंबरला. कागदाचा हिशेब चांदण्याशी जुळत नाही, आणि माझा कल चांदण्याकडे आहे.

त्या गोळीबारानं एक काम केलं: गोंडांचं दुखणं काय, हे निजामाच्या सरकारला विचारावंसं वाटलं. मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फ्युरर-हायमेनडॉर्फ मारलवाई गावी येऊन राहिले. गोंड मुलांसाठी गोंडी भाषेतली पुस्तकं तिथं निघाली, तीही देवनागरीत. त्यांच्या पत्नी बेट्टी १९८७ साली गेल्या; त्यांची समाधी मारलवाईलाच आहे. आपले सेतुमाधवराव पगडीही त्याच काळात निजामाच्या नोकरीत आदिलाबादला होते. शिवकाळाचे इतिहासकार म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण त्यांनी कोलामीचं व्याकरण लिहिलं, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

आसिफाबादजवळ आडा गावी पेद्दवागूवरच्या धरणालाही भीमाचंच नाव आहे. पेद्दवागू म्हणजे मोठा ओढा. पुढे तो प्राणहितेला मिळतो. २०१६ साली आदिलाबादचे चार जिल्हे झाले, त्यातला एक भीमाच्या नावाचा. जल झालं, जिल्हा झाला. जमिनीच्या पट्ट्यांचे अर्ज अजून कचेऱ्यांत फिरतात.

जोडेघाटला २०१६ मध्ये संग्रहालय उघडलं. डोंगरातल्या खडकाजवळ स्मारक आहे. हुसेनसागरच्या बांधावरच्या भीमापुढून लोक मक्याचं कणीस खात जातात, फोटो काढतात. जोडेघाटला लोक येतात ते ठरल्या रात्रीला. आपण गच्चीवर मसाला दूध आटवत असतो त्याच पौर्णिमेला, आसपासच्या पाड्यांवरून. पुण्यतिथीच्या त्या दिवशी तिथं दरबार भरतो आणि गाऱ्हाणी ऐकायला सरकारी अधिकारी येतात. त्यांनाही पंचांग उघडूनच यावं लागतं. २०२२ला तो दिवस ९ ऑक्टोबरला आला, २०२३ला २८ ऑक्टोबरला.