खारवलेलं आणि प्रेशर

आमच्या कोकणातल्या घरी फ्रीज नव्हता. मासळी खारवायची, मिरच्या वाळवायच्या, कैरी मुरवायची. मीठ पदार्थातलं पाणी ओढून घेतं, आणि पाणी नसलं की जंतू वाढत नाहीत. म्हणून खारा बांगडा पावसाळाभर टिकायचा. मटण कोशेर करताना लावलेलं मीठही असंच रक्त ओढून घेतं.

पोटात गेल्यावर मात्र हेच मीठ अंगात पाणी धरून ठेवतं. प्रेशर वाढतं, पाय सुजतात. माझे सुजले तेव्हा मी छातीठोकपणे म्हटलं, "मी वरून मीठ घेतच नाही." नर्सने विचारलं, "आणि लोणचं? झेतीम? खमुत्सिम?" मी गप्प.

दिवसभरात सगळं मिळून मीठ 5 ग्रॅमपेक्षा कमी असावं, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाही नाही. खारी मासळी रात्रभर पाण्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा, पाणी दोनदा बदला. कोशेर मटण मीठ लावूनच येतं, तेव्हा कालवण आधी चाखा. पाकिटावर 'नत्रान'चं लाल चिन्ह दिसलं तर ते परत ठेवा. घरी कमी मिठाचं लोणचं केलंत तर ते थोडंच करा, फ्रीजमध्ये ठेवा आणि लवकर संपवा.

'कमी सोडियम'चं मीठ मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. त्यात बहुधा पोटॅशियम असतं. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा प्रेशरच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील, तर ते रक्तात साठून हृदयाचे ठोके बिघडू शकतात.