ताई, सिबिल काढून द्या

सकाळी 8. नसरापुरातलं माझं ई-सेवा केंद्र उघडण्याआधीच पायरीवर माणसं बसलेली. जूनचा पहिला आठवडा आहे. वेल्ह्याकडे राब भाजून झालेत, पावसाआधी बी-खत भरायचंय, म्हणजे पीककर्जाची घाई. पूर्वी या दिवसांत सातबारा आणि आठ-अ एवढंच काम असायचं. आता उतारा हातात पडला की लगेच म्हणतात, "ताई, सिबिल पण काढून द्या."

देशात पतमाहिती ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत. त्यांतली सिबिल सगळ्यांत जुनी, 2000 सालची, म्हणून चौघींच्याही आकड्याला लोक सिबिलच म्हणतात. आकडा 300 ते 900 मधला. 750च्या पुढे असला तर प्रकरण सहसा अडत नाही. वर्षातून एकदा प्रत्येक कंपनीकडून पूर्ण अहवाल फुकट मिळतो, हे मी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय.

साडेनऊ. तोरण्याच्या पायथ्याचे एक आबा पहिल्या एसटीने आलेत. पॅनकार्ड आहे, पण ओटीपी जातोय जुन्या नंबरवर, आणि तो नंबर आता नातवाकडे. नातवाला फोन लावून आकडे विचारले, तेव्हा कुठे अहवाल उघडला. त्यात प्रत्येक कर्जापुढे महिन्यांचे चौकोन असतात. 000 म्हणजे हप्ता वेळेवर, 030 म्हणजे तीस दिवस उशीर. आबांच्या पीककर्जापुढे सगळी शून्यं. दरवर्षी 31 मार्चच्या आत नवं-जुनं करणारा माणूस. एका वर्षी त्यासाठी त्यांनी दुभती म्हैस विकली होती. त्याच कागदावर खाली दुसरी ओळ होती: ट्रॅक्टर कर्ज, जामीनदार. तिथे 000, 000, मग 030, 060, 090. भाच्याने हप्ते थकवले होते.

"मी कुठं कर्ज घेतलं?" आबांनी विचारलं. मी समजावलं की सही केली तेव्हाच ते कर्ज तुमच्याही नावावर चढलं. ते गप्प झाले, मग म्हणाले, "बहिणीचा पोरगा. नाही कसं म्हणणार?" आमच्या भागात जामीन राहणं हे नात्यातलं कर्तव्य आहे. त्याचा एवढा दूरवर परिणाम होतो हे सही घेणाऱ्यानं सांगायला नको का? मे 2025 मध्ये मुख्यमंत्र्यांनी बँकर्स समितीच्या बैठकीत पीककर्जाला सिबिलची अट लावू नका असं बजावलं होतं. आबांना त्या बातमीचं कात्रण छापून दिलं, आणि भाच्याला आजच गाठायलाही सांगितलं. दोन्ही केल्याशिवाय काम होणार नाही.

अकरा. भाडेकराराचं काम. शिरवळच्या कंपनीत लागलेला मुलगा, गाव भोरच्या पश्चिमेला. खोलीमालक इथलेच. अकरा महिन्यांचा करार, दोन साक्षीदार, ग्रामपंचायत हद्दीत नोंदणी फी 500 रुपये. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची, 1999च्या भाडे नियंत्रण कायद्यानं. मालकांनी मुलाला कंपनीचं कार्ड, आधार, गावाकडचे पाहुणे कोण, एवढं विचारलं. सिबिल विचारलं नाही. अमेरिकेत घरमालक किल्ली देण्याआधी हा आकडा बघतो, आणि इथून नव्यानं गेलेल्या आपल्या पोरांना तो नसल्यामुळे जादा डिपॉझिट भरावं लागतं. आपल्याकडे अजून डिपॉझिटच बोलतं.

पण ते डिपॉझिट आणायचं कुठून? या मुलानं मागच्या खोलीच्या वेळी मोबाइलवरच्या ॲपमधून कर्ज काढलं होतं. कंपनीनं ब्रेक दिला, दोन हप्ते चुकले, आता दुचाकीचं कर्ज मिळत नाही आणि रात्रपाळीला जायला दुचाकी लागते. मालक मला म्हणाले, "मागच्या मालकाला विचारलं मी, पाच तारीख कधी चुकवली नाही यानं." दर महिन्याला वेळेवर दिलेलं ते भाडं अहवालात कुठेही नाही. मला या व्यवस्थेत सगळ्यांत जास्त खुपतं ते हे. भाडं, वीजबिल, किराण्याची उधारी, हातउसने, सगळं चुकतं करत आलेला माणूस त्या कागदावर दोन चुकलेल्या हप्त्यांपुरताच उरतो.

एक ते दोन जेवण, तेही फोन घेत.

दुपारी अडीच. भाटघरच्या पाणलोटातल्या चार वहिनी. सगळ्यांची मायक्रोफायनान्सची कर्जं. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला ही विनातारण कर्जं देतात, आणि घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत असा रिझर्व्ह बँकेचा 2022चा नियम आहे. चौघींपैकी एकीला वसुलीवाल्यानं सांगितलंय, निम्मे भरा, मिटवून टाकू. मी तिला थांबवलं. तसं मिटवलं की खात्यापुढे "सेटल्ड" असा शेरा पडतो आणि पुढची बँक तो शेरा बघून मागे सरते. "सवलतीचे हप्ते मागा, पूर्ण फेडा, आणि बेबाकी दाखला घेतल्याशिवाय उठू नका." गटाच्या वहीत तिनं ते लिहून घेतलं.

साडेचार. भोरची एक पदवीधर मुलगी बँकेच्या परीक्षेचा अर्ज भरायला आली. रुजू होताना पतइतिहास चांगला असावा, असं जाहिरातीतच छापलेलं आहे. स्टेट बँकेनं खराब सिबिलवरून एका उमेदवाराची नेमणूक रद्द केली आणि मद्रास उच्च न्यायालयानं जून 2025 मध्ये ती योग्य ठरवली, हे मी तिला सांगितलं. तिच्या नावावर वडिलांनी घेतलेल्या मोबाइलचे हप्ते चालू आहेत. अर्ज बाजूला ठेवून तिनं आधी वडिलांना फोन केला. नोकरी नाही म्हणून हप्ता थकतो आणि हप्ता थकला म्हणून नोकरी हुकते, हे मला न्याय्य वाटत नाही. पण नियम आहे तोवर मुलींना तो आधी कळायला हवा.

सहा. कापूरहोळचे एक दादा. कर्ज फेडून झालं, दाखला हातात आहे, तरी अहवालात खातं थकीत. पुण्यातला एक एजंट "सिबिल वाढवून देतो" म्हणून हजारो रुपये मागतोय. मी ऑनलाइन तक्रार भरली, दाखला जोडला. याला पैसे लागत नाहीत. 30 दिवसांत निकाल लागला नाही तर पुढे दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते, आणि जानेवारी 2025पासून बँकांना दर पंधरा दिवसांनी माहिती अद्ययावत करावी लागते. तक्रार क्रमांक दादांच्या पासबुकाच्या आतल्या पानावर लिहून दिला, एजंटचा नंबर त्यांनी माझ्यासमोरच पुसला, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा अहवाल बघायला या म्हणून सांगितलं.