रणभूमीवरून घरी : निवृत्त सैनिकाची स्मृती आणि आपले कर्तव्य

हैदराबादेत मुसी नदीच्या उत्तरेस गौलीगुडा ही जुनी वस्ती आहे. मूळ विमानांसाठी म्हणून आणलेला तेथील लोखंडी हँगर पुढे बसस्थानक झाला आणि जुलै 2018 मध्ये कोसळेपर्यंत उभा होता. त्याच्या अवतीभोवतीच्या मोहल्ल्यांतून मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. मराठवाडा निजामाच्या राज्यातून मुक्त झाला तो 17 सप्टेंबर 1948 हा दिवस या घरांतून कृतज्ञतेने आठवला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु याच शहरात अशीही घरे होती की ज्यांतील कर्त्या पुरुषाची शिपाईगिरी त्याच आठवड्यात संपली. युद्ध संपल्यावर सैनिकाचे काय होते, हा प्रश्न या दोन घरांमध्ये उभे राहून विचारला तर अधिक स्पष्ट होतो.

1. एकाच सैन्याच्या दोन आठवणी

पहिल्या महायुद्धात हैदराबादचे घोडदळ जोधपूर व म्हैसूर यांच्या घोडदळांसह पंधराव्या इंपीरियल सर्व्हिस ब्रिगेडमध्ये पॅलेस्टाइनच्या रणांगणावर होते. याच ब्रिगेडच्या हातून 23 सप्टेंबर 1918 रोजी हैफा जिंकले गेले. दिल्लीतील 1922 सालचे तीन मूर्तींचे स्मारक या तीन संस्थानांच्या सैनिकांचे आहे. त्या मोहिमेत तरुणपणी सेवा केलेले सय्यद अहमद एल एद्रूस पुढे हैदराबाद सैन्याचे सेनापती झाले. 18 सप्टेंबर 1948 रोजी मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करण्याचे काम त्यांच्याच वाट्यास आले. त्यांचे आत्मवृत्त प्रसिद्ध झाले ते 1994 साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर अनेक वर्षांनी.

एकाच मनुष्याच्या एका युद्धास राजधानीत स्मारक लाभले, दुसऱ्यास सांगण्याची जागाही सहज मिळाली नाही. सामान्य शिपायाची स्थिती याहून कठीण होती. निजामाच्या आफ्रिकन घोडदळाची तुकडी मोडल्यावर सिद्दी सैनिकांची रोजी गेली. त्यांच्या वस्तीचे ‘ए. सी. गार्ड्‌स’ हे नाव मात्र आजही टिकून आहे. अरब शिपायांच्या बराकींवरून पडलेले ‘बारकस’ हे नावही तसेच राहिले. त्यांच्या वंशजांनी मरफा वाद्याचा ठेका शहरभरच्या लग्नांतून नेला. ज्याच्या सेवेची कोणी आठवण काढीत नाही, त्याची आठवण मोहल्ल्याच्या नावात आणि ढोलाच्या तालात राहते.

येथे एक विवेक राखला पाहिजे. रझाकारांनी प्रजेवर केलेले अत्याचार विसरून चालणार नाही. तथापि रझाकार ही स्वयंसेवक संघटना होती आणि राज्याचे नियमित सैन्य त्याहून वेगळे होते. शिपायाचे दुःख ऐकणे म्हणजे त्याच्या राजाचा पक्ष घेणे नव्हे.

2. जखमेस मिळालेली नावे

निवृत्त सैनिक बोलतो तेव्हा बहुधा लंगरातील जेवण, थंडी, सुभेदाराचा दरारा, सोबत्यांच्या खोड्या यांविषयी बोलतो. उरलेले तो आपल्यापाशी ठेवतो. 1915 साली चार्ल्स मायर्स या इंग्रज वैद्याने तोफांच्या माऱ्यातील सैनिकांच्या मानसिक आघातास ‘शेल शॉक’ म्हटले. व्हिएतनाम युद्धानंतर 1980 साली अमेरिकेच्या मनोविकारतज्ज्ञांनी आघातोत्तर तणावास अधिकृत व्याधी म्हणून मान्यता दिली. जोनाथन शे यांनी 1994 मध्ये आणखी एक भेद दाखविला. भयाने मन मोडते तसेच, जे न्याय्य आहे त्याचा विश्वासघात झाल्याच्या जाणिवेनेही ते मोडते. भयाच्या व्याधीस औषध व उपचार आहेत. दुसऱ्या जखमेस मात्र वैद्याबरोबर ऐकणारा समाजही लागतो.

3. परतीची वाट

प्राचीनांनी या परतीसाठी काळ राखून ठेविला होता. गणना 31 मध्ये युद्धावरून आलेल्यांनी सात दिवस छावणीबाहेर राहून शुद्ध व्हावे, असा नियम आढळतो. त्या अध्यायातील संहार आपणांस अस्वस्थ करतो, आणि करावाच. चौथ्या शतकात कैसरियाच्या बासिलाने युद्धातील वधास खून मानले नाही, तरी अशा सैनिकांनी तीन वर्षे प्रभुभोजनापासून दूर राहणे बरे, असे सुचविले. आज कोणा सैनिकास अशुद्ध म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु रणातून घरी येण्यास वेळ लागतो आणि तो वेळ समाजाने द्यावयाचा असतो, हे त्या नियमांचे मर्म आपण गमावले आहे. आजचा जवान पस्तिशी-चाळिशीच्या सुमारास निवृत्त होतो, आगगाडीत बसतो आणि दुसऱ्या दिवशी घरी पोहोचतो. पुष्कळांच्या वाट्यास मग पहारेकऱ्याची नोकरी येते. गणवेश पुन्हा अंगावर चढतो, पण सोबती नसतात.

सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे 1965 च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले. उपचार म्हणून सुरू केलेल्या पोहण्यात त्यांनी 1972 साली हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिक स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. पद्मश्री मात्र त्यांना 2018 मध्ये मिळाली. शरीर सावरण्यास सात वर्षे पुरली, परंतु देशाला आठवण होण्यास शेहेचाळीस लागली.

4. पाळक व उपदेशक यांनी काय करावे?

किती शत्रू मारले, असे त्यास कधीही विचारू नये. बरोबर कोण होते, हे विचारावे. मृत सोबत्याचे नाव उच्चारण्याची संधी मिळाली की बहुतेकांची वाणी मोकळी होते. सव्वीस जानेवारीस व्यासपीठावर बसविणे पुरेसे नाही, कारण त्याला बोलावयाचे असते ते सन्मानाच्या दिवशी नव्हे. पत्नीचेही निराळे ऐकावे. अनेक वर्षे घर एकटीने चालविलेल्या स्त्रीस नवऱ्याचे परतणे हीदेखील एक नवी व्यवस्थाच असते. निद्रानाश, मद्य, अकस्मात क्रोध किंवा जीव देण्याची भाषा दिसल्यास विलंब न लावता वैद्याकडे न्यावे. केवळ प्रार्थनेवर भागवू नये. निवृत्तिवेतनाची कागदपत्रे अडली असल्यास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयापर्यंत सोबत जावे. आणि जे विश्वासाने सांगितले गेले, ते प्रवचनात उदाहरण म्हणूनसुद्धा वापरू नये.

ज्याचे युद्ध आपणांस मान्य आहे त्याचे ऐकणे सोपे असते. गौलीगुड्याच्या गल्लीतील मराठी घराने पराभूत शिपायाचे म्हणणे ऐकले असते काय, हा प्रश्न 1948 पुरता संपलेला नाही. आपल्या मंडळीतही कोणी तरी मागच्या बाकावर गप्प बसलेला असेल. त्याच्याकडे प्रथम आपण जावयाचे आहे.