नाताळच्या सुटीतील वाचन-तास

डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात भोपाळ शहरात थंडी चांगलीच पडते. जहांगीराबादच्या संत फ्रान्सिस असिसी कॅथीड्रलाच्या आसपास नाताळची लगबग दिसू लागते, ख्रिस्ती घरांच्या दारांवर कागदी चांदण्या लोंबू लागतात, आणि शाळांस सुटी लागल्यामुळे मुले दिवसभर मोकळी होतात. अशा वेळी पाच-सात मुले, ऊब शोधीत म्हणा किंवा नुसत्या कुतूहलाने म्हणा, एखाद्या ग्रंथालयाच्या दाराशी येऊन उभी राहतात. आत टेबलाशी नुकताच कामावर रुजू झालेला ग्रंथालय-सेवक बसलेला असतो. त्याने या मुलांचे काय करावे, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे. ‘गडबड करू नका रे’ असे बजावून त्याने पुन्हा दाखल-नोंदवहीत डोके घालावे, असे पुष्कळदा घडते. माझे म्हणणे असे की, त्याने नोंदवही मिटावी, एक पुस्तक उचलावे, मुलांबरोबर सतरंजीवर बसावे आणि मोठ्याने वाचू लागावे. मुलांच्या विभागात काम करणाराचे पहिले काम हेच होय. वर्गीकरण, तालिका आणि शिक्के यांची पाळी त्यानंतर येते.

सुटीतील मूल हे शाळेतील मुलाहून निराळे असते. शाळेत ते बसते, कारण त्यास उठून जाता येत नाही. ग्रंथालयात ते आपल्या पायांनी येते आणि कंटाळा आला की आपल्या पायांनी निघून जाते. नव्या सेवकाची खरी परीक्षा येथेच होते, कारण हजेरी घेण्याचा किंवा गुण देण्याचा अधिकार त्याच्याजवळ नसतो. त्याच्याजवळ काय ती गोष्ट असते.

त्यातच एक अडचण अशी की, दाराशी उभ्या असलेल्या या मुलांतील पुष्कळांस वाचता येत नसते. ग्रामीण भारतातील मुलांच्या वाचनाची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२२ च्या अहवालात असे दिसून आले की, तिसरीत शिकणाऱ्या मुलांपैकी अवघी २०.५ टक्के मुले दुसरीच्या पाठ्यपुस्तकातील उतारा वाचू शकत होती. हा आकडा खेड्यांचा आहे हे खरे, परंतु शहरातील झोपडवस्त्यांत काम करणाऱ्यांस तो अनोळखी वाटणार नाही. अशा मुलापुढे भरलेले कपाट उघडून ‘हवे ते घे’ म्हणणे म्हणजे पोहता न येणाऱ्यास तलाव दाखविण्यासारखे आहे. मुलाचा कान मात्र त्याच्या डोळ्यापेक्षा कितीतरी पुढे असतो. ज्या मुलास ‘कमळ बघ’ वाचतानाही घाम फुटतो, तेच मूल राजा, राक्षस, शाप आणि उःशाप यांची अर्ध्या तासाची गुंतागुंतीची कथा एकही धागा न सोडता ऐकते. शिवाय रोजच्या बोलण्यात कधी न येणारे शब्द त्याच्या कानी पडतात, आणि पुढे ते शब्द छापलेले दिसले की ते ओळखीचे निघतात.

ही गोष्ट भोपाळमध्येच एका लहान मुलीने सर्वांच्या आधी ओळखली होती. अरेरा हिल्सच्या परिसरात दुर्गानगर नावाची झोपडवस्ती आहे. तेथे राहणाऱ्या मुस्कान अहिरवार या नऊ वर्षांच्या मुलीने राज्य शिक्षा केंद्राकडून मिळालेल्या २५ पुस्तकांवर आपल्या घराबाहेर बाल पुस्तकालय मांडले. शाळा सुटल्यावर वस्तीतील मुले जमत. ज्यांस वाचता येई ती वाचीत, आणि ज्यांस येत नसे त्यांस मुस्कान वाचून दाखवी. २०१६ साली नीती आयोगाने तिचा गौरव केला आणि वृत्तपत्रांतून तिची छायाचित्रे झळकली. गौरव योग्यच होता. पण मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे की, ग्रंथपालाचे कोणतेही शिक्षण न घेतलेल्या त्या मुलीस आपल्या वाचकांची गरज अचूक कळली. इमारत, टेबल, पंखा यांतील काहीही नसताना तिचे ग्रंथालय चालले, कारण तेथे कोणीतरी वाचून दाखवीत होते.

अशीच एक नवी ग्रंथालय-सेविका फार वर्षांपूर्वी न्यूयॉर्कमध्ये होऊन गेली. पुरा बेलप्रे ही पोर्तो रिको बेटावरील तरुणी १९२१ साली तेथील सार्वजनिक ग्रंथालयात कामास लागली. हार्लेम भागात तिच्याच बेटावरून आलेली, स्पॅनिश बोलणारी कुटुंबे वाढत होती. मुलांच्या कपाटात देशोदेशीच्या लोककथा होत्या, परंतु पोर्तो रिकोची एकही कथा तिला आढळली नाही. तेव्हा आजीकडून ऐकलेली, मार्टिना नावाच्या झुरळीणीची आणि पेरेझ उंदराची कथा ती स्वतःच सांगू लागली. पुढे १९३२ साली तिचे पुस्तक झाले. स्पॅनिश घरांत मुलांस भेटी मिळतात त्या ६ जानेवारीस, बाळ येशूच्या दर्शनास आलेल्या तीन राजांच्या सणी. बेलप्रेने तो सण ग्रंथालयात साजरा करण्यास आरंभ केला आणि गोष्टी दोन्ही भाषांतून सांगितल्या. ही मोठी जागा आपल्यासाठी नाही असे समजून ज्या आया दारातूनच परत जात, त्या मुलांचे बोट धरून आत येऊ लागल्या.

भोपाळच्या नव्या सेवकाने ध्यानात धरावयाचे ते हेच. त्याच्या सतरंजीवर बसणाऱ्या मुलांपैकी कोणाच्या घरी उर्दूच्या वळणाची हिंदी असेल, कोणाच्या घरी बुंदेली, माळवी किंवा गोंडी. काही मराठीही असतील. भोपाळमधील मराठी मुलाची स्थिती तर मोठी गमतीची असते. घरी आई-आजीची मराठी, शाळेत हिंदी. लिपी एकच असल्यामुळे मराठी पुस्तकातील अक्षरे त्यास परकी वाटत नाहीत. अडते ते ‘ळ’पाशी. हिंदीच्या वर्गात जे अक्षर त्यास कोणी शिकविलेले नसते, ते मराठीच्या पानापानावर बसलेले असते, आणि तोंडात असूनही डोळ्यास ओळखू येत नाही. असे पुस्तक कोणी शेजारी बसून, बोट फिरवीत वाचून दाखविले तर ‘बाळ’, ‘फळ’, ‘आभाळ’ हे शब्द पहिल्याच दिवशी त्याचे होतात. वस्तीतील एखादी आजी या कामी बोलावून आणावी. ती संकोचेल, पण येईल.

आता नाताळात वाचावे काय? पहिली गोष्ट नाताळचीच असावी, असे मला वाटते. काहींस यात धर्माची अडचण दिसते. मला दिसत नाही. दिवाळीत जी मुले नरकासुराची गोष्ट ऐकतात, रमजानात शेजारच्या घरची शेवया खातात, त्यांस दारावरची चांदणी कशाची हे कळावयास नको काय? आणि कथा तरी कशी आहे! अवघडलेली बाई, परगावचा प्रवास, धर्मशाळेत जागा नाही, आणि अखेर गुरांच्या गोठ्यात, गव्हाणीत ठेवलेले बाळ. ज्या मुलांच्या आईबापांनी कामाच्या शोधात गाव सोडून शहरात पाय ठेवला, त्यांस या गोष्टीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. तिला जोडून, जरा मोठ्या मुलांसाठी, भोपाळच्याच दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या प्रधान गोंड कलावंतांनी चितारलेले ‘भीमायन’ काढावे. २०११ साली निघालेल्या या चित्रकथेत, परदेशातून शिकून आलेल्या डॉ. आंबेडकरांस बडोद्यात जातीमुळे राहावयास जागा मिळेना आणि पारशी धर्मशाळेतूनही बाहेर पडावे लागले, तो प्रसंग आहे. दोन्ही कथा एकापाठोपाठ वाचाव्यात आणि गप्प बसावे. काय बोलावयाचे ते मुलेच बोलतील.

मराठी घरांसाठी आणखी एक योग आहे. २४ डिसेंबर ही साने गुरुजींची जन्मतिथी. १८९९ साली या दिवशी कोकणात पालगड येथे त्यांचा जन्म झाला. ‘श्यामची आई’ हे पुस्तक मुळात रात्री जमलेल्या मुलांस व मित्रांस सांगितलेल्या कथांच्या रूपाने रचलेले आहे, म्हणूनच त्यात प्रकरणांऐवजी ४२ रात्री आहेत. मोठ्याने वाचण्यासाठीच जणू ते बेतलेले असून एका बैठकीस एक रात्र पुरते.

वाचनाच्या पद्धतीविषयी थोडे. पुस्तक आदल्या दिवशी स्वतः मोठ्याने वाचून पाहावे; मुलांसमोर ते प्रथमच उघडणारा वाचक अडखळतो, आणि मुले अडखळणे ताबडतोब ओळखतात. इंग्रज कादंबरीकार डिकन्स याने १८५३ च्या नाताळात बर्मिंगहॅम येथे आपल्या १८४३ सालच्या नाताळ-कथेचे जाहीर वाचन केले. पहिला कार्यक्रम २७ डिसेंबरला झाला व सुमारे तीन तास चालला. ३० तारखेस कामगारांस परवडेल अशा दरात पुन्हा वाचन ठेवले. कथा त्याचीच, तरीही वाचनासाठी त्याने तिची वेगळी प्रत करून घेतली, परिच्छेदच्या परिच्छेद काटले आणि समासात स्वतःसाठी सूचना लिहिल्या. जगप्रसिद्ध लेखक आपल्याच गोष्टीची एवढी तयारी करतो, तर आपण का करू नये? लहान मुलांस मात्र तीन तास नकोत. वीस मिनिटे पुरेत. चित्र मुलांकडे धरावे, पान उलटण्यापूर्वी थांबावे. तीच गोष्ट पुन्हा वाचा असा हट्ट झाला तर वाचावी. आणि शेवटी ‘यावरून आपण काय शिकलो?’ हा प्रश्न कृपा करून विचारू नये. त्या प्रश्नाने गोष्टीचा धडा होतो, आणि उद्या मुले येत नाहीत.

इतके सर्व मान्य असूनही नवा सेवक कचरतो, त्याचे कारण भीती. पुस्तक फाटले तर? हरवले तर? भरपाई आपल्या पगारातून होईल या धास्तीने कितीतरी शाळांतील पुस्तके वर्षानुवर्षे पेटीत कुलूपबंद राहिली आहेत. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली तेव्हा पहिले सूत्र ‘ग्रंथ उपयोगासाठी आहेत’ असे ठेवले, आणि एके काळी ग्रंथ साखळीने बांधून ठेवीत याची आठवण दिली. आजची साखळी हिशेबाची आहे. परंतु हिशेबाचे नियम समजतात तितके निर्दय नाहीत. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत असे स्पष्ट म्हटले आहे की, वर्षभरात वाचकांनी हाताळलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथ गहाळ झाले, तर ते वाजवी समजावे, मात्र त्यात अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसावा. हा नियम केंद्राच्या संस्थांचा आहे. राज्याच्या व खासगी संस्थांनी आपले नियम पाहावेत आणि तसा नियम नसेल तर करून घ्यावा. नव्या सेवकास रुजू होण्याच्या पहिल्याच दिवशी वरिष्ठांनी हे वाचून दाखविले, तर अर्धी कपाटे उघडतील.

फाटण्याचा प्रश्न तर मुलांवरच सोपवावा. बाजारची पारदर्शक चिकटपट्टी वापरू नये. ती काही वर्षांत पिवळी पडते, कडक होते आणि कागदास डाग पाडते. गव्हाच्या पिठाची पातळ खळ करावी, पतंगाच्या पांढऱ्या कागदाची अरुंद पट्टी फाडून घ्यावी, कात्रीने कापू नये, आणि फाटलेल्या कडेवर बसवून वर वजन ठेवावे. सुटीतील एक सकाळ या कामास द्यावी. आठ-दहा वर्षांची मुले हे काम फार मन लावून करतात, आणि पान सुकेपर्यंत वेळ असतोच. तेवढ्यात आणखी एक गोष्ट वाचून होते.