आपला खरा स्पर्धक कोण?



मेहरूणच्या बोरांची गोडी जळगावकर विसरलेले नाहीत. पण बोरीची झाडे कितीशी उरली? दुसऱ्या गावच्या बोराने त्यांना हरवले नाही. शहर वाढले, प्लॉट पडले.

मेहरूणच्याच एका सभासदाच्या ओट्यावर परवा आम्ही नोंदवही घेऊन बसलो होतो. ते म्हणाले, "साहेब, खोडवा मोडतो अन् केळी लावतो. वर्ष-सव्वा वर्ष ऊस सांभाळा, मग टोळीची वाट पाहत बसा!"

मायकेल पोर्टर या अमेरिकन प्राध्यापकाने 1979 साली लिहिले, की धंद्यावर केवळ शेजारच्या धंदेवाल्याचा जोर नसतो. नव्याने येणारा, माल पुरवणारा, माल घेणारा आणि आपल्या मालाऐवजी चालणारा दुसरा माल, हे सगळेच नफ्यात वाटा मागतात.

आता आपले पाहा. 1998 साली साखर कारखान्यांची परवाना पद्धत गेली आणि नव्यांना वाट मोकळी झाली. अंतराची अट तेवढी राहिली. विक्रीचे म्हणाल, तर फेब्रुवारी 2019 मध्ये साखरेचा किमान दर किलोला 31 रुपये ठरला, तेव्हा उसाची एफआरपी टनाला 2750 रुपये होती. 2025-26 साठी ती 3550 झाली. (उताऱ्याचा पायाही 10 वरून 10.25 टक्के झाला, हे खरे.) वाढ रास्तच आहे, पण कारखान्याची ओढाताण इथेच होते.

मात्र खान्देशात सर्वांत मोठा जोर उसाच्या रानाचा. तेच पाणी, तीच काळी जमीन केळी मागते. भाव पडला की केळीवाला रडतो, पण घड कापला की व्यापारी दारात उभा असतो. तोडलेला ऊस मात्र वाळत जातो, वजन आणि उतारा दोन्ही घटतात. तो फार लांब नेता येत नाही. म्हणून जवळचे रान गेले की कारखाना लांबून ऊस आणतो. तोडणी-वाहतूक खर्च सरासरीने कापला जातो तिथे त्याचा भार कारखान्याच्या दारातल्या सभासदावरही पडतो. एकाने खोडवा मोडला की शेजाऱ्याच्या बिलात ते दिसते!

कायद्याने किमान दर सर्वांना सारखा. मग शेतकरी पाहतो काय? टोळी कधी येते, काटा चोख आहे का, चौदा दिवसांत पैसे मिळतात का. गेल्या हंगामात आमच्या खात्याने दिलेल्या तोडणीच्या तारखा चुकल्या, हे आम्ही त्या ओट्यावर कबूल केले.

त्यांनी निम्म्या रानात खोडवा ठेवला आहे. तोडणीची तारीख आम्ही त्यांच्या वहीत लिहून खाली सही केली आहे.